गाडीला हात लावू नका

२ मार्च
नवी गाडी घरी आली. शोरूमवाले म्हणाले, धुऊन पॉलिश करून देतो, फुकट आहे. मी ठणकावलं, गाडीला हात लावायचा नाही! एकच फडकं शंभर गाड्यांवर फिरवतात, रंगावर बारीक ओरखडे उठतात. एकेचाळीस व्हिडिओ उगाच नाही बघितले. यार्डातल्या धुळीसकट गाडी आणली. रविवारी स्वतः धुणार.
मुलगी २९ तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चालली. तिला स्टेशनवर नव्या गाडीतून मीच सोडणार. खरं तर गाडी त्यासाठीच घेतली.

८ मार्च, रविवार
सकाळी ७. दोन बादल्या, शाम्पू, नवीकोरी बारा फडकी. सज्ज.
सकाळी ९. ऊन आलं. उन्हात गाडी धुवायची नसते.
संध्याकाळी ५. सावली आली, नळाचं पाणी गेलं.
बायको म्हणते, शोरूममध्ये नेऊन टाका की. हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

११ मार्च
मुलगी म्हणाली, एक चक्कर मारू या? म्हटलं, या अवतारात? धुळकट गाडी चालवली की धूळ आणखी घट्ट बसते. हे कुठे वाचलं आठवत नाही, पण बरोबरच असणार. ती बरं म्हणाली. समजूतदारपणात माझ्यावर गेलीये.

१५ मार्च, रविवार
आपलं पाणी जड आहे. वाळलं की डाग पडतात. फिल्टर मागवला. कव्हर घालत नाही, धुळीवर घासतं.

१९ मार्च
शोरूमचा फोन. फुकट धुण्याचं कूपन ३१ पर्यंतच चालेल. नम्रपणे नाही म्हटलं. बायकोच्या मते मी ओरडलो.
मुलीनं विचारलं, नुसतं आत बसू का? सीटवरचं प्लास्टिक निघालेलं नाही, म्हणून नको म्हटलं. नंतर वाईट वाटलं. प्लास्टिकवरही बसता आलं असतं.

२२ मार्च, रविवार
फिल्टर आला. नळाला बसत नाही.

२८ मार्च
उद्या तिची ट्रेन ९.४० ला. प्लॅन पक्का. पाचला उठणार, सातला गाडी चकाचक, आठला निघणार.
आत्ताच वाचलं की नवी फडकी धुतल्याशिवाय वापरायची नसतात. भिजत घातली.

२९ मार्च
सकाळी ८.१५. फडकी ओलीच. मुलगी म्हणाली, बाबा, आहे तशी चला ना. म्हटलं, दहा मिनिटं. असं चार वेळा म्हटलं. शेवटी बायकोनं टॅक्सी बोलावली. म्हणाली, अहो, निदान टॅक्सीत तरी बसा. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी घेऊन आलोच मागोमाग. मोरीत फडकी पिळत होतो. मुलगी आत डोकावून गेली म्हणे. पाठ होती माझी.
९.४०. दुसरी बादली भरली.

३० मार्च
बायको बोलत नाही. गाडीकडे गेलो नाही.

३१ मार्च
सकाळी गाडीपाशी गेलो. बॉनेटवरच्या धुळीत बोटानं लिहिलंय, ‘बाबा, निघते.’ खाली तारीख. अक्षर लहानपणापासून तसंच आहे, थोडं तिरकं.
दुपारी शोरूमचा फोन. कूपनचा आज शेवटचा दिवस, माणूस घरी पाठवू का? म्हटलं, गाडीला हात लावू नका. का, म्हणून विचारलं त्यानं. फोन ठेवून पुन्हा गाडीपाशी गेलो.
कोरड्या धुळीवर बोट फिरवलं की रंगावर ओरखडा उठतो, आणि गाडी कितीही धुतली तरी तो जात नाही, असं व्हिडिओवाला सांगतो. तो खोटारडा नसला म्हणजे मिळवलं.