आई, बेल्ट लावा

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे बमरोलीत! मी, माझी लेक धनश्री आणि ह्यांची जुनी पांढरी गाडी. घरमालकीण छायाबाई मूळच्या धरणगावच्या. आल्या आल्या गरम कळण्याची भाकरी वाढली आणि म्हणाल्या, हरवायचं असेल तर सुरतेसारखं गाव नाही, इथे गल्लीला गल्ली ओळखत नाही. धनू हसली. किती महिन्यांनी! दंडावरचे वळ पिवळे पडलेत. नितीनला, माझ्या जावयाला, आमचा पत्ता कधीच कळता कामा नये.

७ ऑक्टोबर
धनूला पांडेसऱ्यात साड्या तपासायचं काम मिळालं. मीच गाडीने सोडते. शाळेत सोडायचे, तशी खिडकीतून हात हलवते.

९ ऑक्टोबर
नितीनचा मेसेज. चौकातल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो: गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ आणि काचेतून धनूचा चेहरा. खाली लिहिलंय, ‘आई, बेल्ट लावा. धनूलाही सांगा.’
दंडाची नोटीस त्याच्या मोबाइलवर जाते. हे गेल्यावर गाडीचे कागद त्यानेच केले, नंबर स्वतःचा दिला. मुलासारखा जावई म्हणून मी कौतुकाने सह्या केल्या.

१० ऑक्टोबर
आरटीओ कार्यालयात तीन तास. मोबाइल नंबर बदलायला ओटीपी लागतो, आणि तो जुन्या नंबरवर जातो. त्याच माणसापासून लपलोय, असं दोनदा सांगितलं. खिडकीतले साहेब दोन्ही वेळा म्हणाले, बेन, मग त्यांनाच विचारून घ्या.
घरी पोचायच्या आत मेसेज. ‘आई, ओटीपी आला. कशाला हवा होता?’

१३ ऑक्टोबर
छायाबाईंची युक्ती: नंबरपाटीवर लोंबेल अशी लिंबू-मिरची बांधली. रस्ताही बदलला. पाटी झाकली म्हणून पोलिसाने अडवून दंड केला! लगेच नितीनचा मेसेज, ‘आज लिंबायतवरून?’
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, देव सगळं बघतो. तेव्हा किती आधार वाटायचा.

१५ ऑक्टोबर
गाडी अंगणात. वर ताडपत्री. धनू रिक्षाने जाते. मेसेज नाही.

१६ ऑक्टोबर
नाही.

१७ ऑक्टोबर, दुपार
फोटो. आमची गाडी, ताडपत्री काढलेली. मागे छायाबाईंची तुळस.
ह्या गल्लीत कॅमेरा नाही—

पाच वाजले
धनू सुटली असेल. फोन लागत नाही. छायाबाई कोपऱ्यापर्यंत बघून आल्या—

पुन्हा फोटो. गाडी त्याची. पुढच्या सीटवर धनू. समोर बघतेय, बेल्ट लावलेला. खाली लिहिलंय, ‘आई, आता तुम्ही—