भिंतीवरची सही

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००८

मोबाईल कंपनीने नाव बदललं, चिन्हही. इंदिरानगरच्या चौकात नव्या चिन्हाचा फलक बघून सगळे हसत होते, "हे काय, जिलबी काढलीय का?" मला हसू आलं नाही. तिथल्या भिंतीवरचं जुनं चिन्ह आमच्या ह्यांनी रंगवलेलं. त्यांचं शेवटचं काम. दोन महिन्यांत गेलेच.

आज दुसरा पेंटर त्यावर पांढरा रंग मारत होता. कोपऱ्यात ह्यांची सही. म्हटलं, "भाऊ, तेवढी राहू द्या ना."

शिडीवरून उतरून तो म्हणाला, "ताई, सगळी भिंत पांढरी करायला सांगितलीय. माझा नाइलाज आहे."

मग मीच ब्रश मागितला. परक्या हाताने कशाला? सहीवरून रंग मीच फिरवला. मग ब्रश त्याच्या हातात परत दिला.