डबीसोबत कोण जाणार

४ मार्च
नातीचं नाव यादीत लागलं! तिनं केलेलं बर्फाची जाडी मोजायचं यंत्र परदेशच्या यानावर बसून वर जाणार. जेवणाच्या डब्याएवढं आहे, मी डबीच म्हणते. ते बसवायला ही सहा महिने तिकडे. जिन्यात तीन शेजारणींना सांगितलं. चौथी घरी नव्हती, वाचली.

७ मार्च
नात कामावर गेली आणि दारात तिची कामातली तिकडची जोडीदारीण, फोटोत पाहिलेली. उद्या मायदेशी परत जायची होती. एकमेकींची भाषा कळेना, तरी तासभर बोललो. नातीच्या खोलीत ऊन येतं, म्हणून तिथेच बसवली, तिच्या टेबलापाशी. बिस्किट चहात पडलं, दोघी हसलो. तिनं स्वेटर दिला. कॅलेंडरवर नातीच्या वाढदिवसावर, तीस तारखेवर बोट ठेवलं, मग ओठांवर. म्हणजे तोवर गुपित. माझ्या पोटात राहायचं म्हणजे कठीणच!

१२ मार्च
नात जेवताना सांगत होती, "काम एकत्र, आजी, पण कुलपं आपापली." डबीला बर्फ दिसतो तशी जहाजंही दिसतात म्हणे. म्हणून तिकडचं माणूस ऑफिसबाहेर भेटलं, घरी आलं, की दोन दिवसांत लिहून द्यायचं.
म्हटलं, मी नि माझी जाऊ एकाच चुलीवर रांधायचो, पण मिठाची बरणी जिची तिच्या कपाटात. ती हसली.
पाहुणीचं मी काढलंच नाही. नियम तिला, मला थोडाच?

१५ मार्च
सुरक्षेचे साहेब चौकशीला आले. प्रत्येकाच्या घरी जातात. "आजीबाई, परदेशी कुणी येतं का इथे?"
कुणाला तरी सांगायचंच होतं. सांगितलं — टेबल, ऊन, बिस्किट. स्वेटर तेवढा राखला.
त्यांनी पेन बंद केलं. "तुमच्या नातीनं लिहून दिलंय, कुणीही आलेलं नाही."
संध्याकाळी नातीला सगळं सांगून स्वेटर पुढे ठेवला. तिनं घडी केली. रागावली असती तर बरं.

१६ मार्च
कपडे वाळत घातले. काढले.

१९ मार्च
मुलगा म्हणाला, "आई, तिकडच्यांना विचारलं तर आपला संशय त्यांना कळेल. म्हणून चौकशी समिती विचारणार नाही. साक्षीला उरलीस तू एकटी. तुला भास होतात असा डॉक्टरांचा कागद आणला, तर पोरगी सुटेल."
नातीनं पानावरून मान वर केली नाही.
म्हटलं, चल.

२१ मार्च
डॉक्टरांनी वार विचारला. चुकीचा सांगितला. महिना, तोही. मग नातीचं नाव. ते मीच ठेवलेलं. आठवत नाही म्हटलं.
दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तशी सगळीच झाले आहे. मुलगा गाडीत म्हणाला, "छान केलंस."

२३ मार्च
नातीनं तो कागद समितीला दिलाच नाही. म्हणाली, "माझी आजी भानावर आहे. ती सांगते ते खरं."
डबी जाणार. ती नाही.
मी वाढलं. ती जेवली. मीही जेवले.