गालांचं टचिंग

सोमवार, ३ जून

शाळेचं काम शेवटी आपल्याच स्टुडिओला मिळालं! नववीचे दोन वर्ग, ओळखपत्रांचे फोटो, सगळे एका दिवसात उरकायचे. एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याची जीभ बाहेर, तिसरीला कॅमेरा दिसला की हसूच आवरत नाही. "मान सरळ, हनुवटी खाली" ओरडून ओरडून घसा बसला. जेवायला सवडच झाली नाही. चहावर निभावलं.

आमची लेक गब्बूही त्याच रांगेत. मला ऐटीत "मॅडम" म्हणाली आणि अख्खा वर्ग खिदळला. हे नाव तिच्या आत्याने ठेवलेलं. जन्मली तेव्हा नुसते गालच गाल होते म्हणून. पंधरावं लागलं तरी तेच चिकटलंय.

मंगळवार, ४ जून

दिवसभर कॉम्प्युटरवर फोटोंचं टचिंग. पुटकुळ्या काढायच्या, विस्कटलेले केस आवरायचे. शाळेने तेवढंच सांगितलंय. पण गब्बूचा फोटो आला आणि माझा हात काही थांबेना. दोन्ही गाल जरा आत घेतले. हनुवटीखालचं थोडं काढलं. लोकांचं रोज करते, मग पोटच्या पोरीचं का नको? झाली की चवळीची शेंग!

ती शाळेतून आली आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी – आधीचा आणि नंतरचा. मी म्हटलं, "बघ, कशी दिसतेस!" बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, वर्गात अजून कुणाकुणाचं केलंस असं?"

"कुणाचं नाही गं. फक्त तुझं!"

वाटलं, खूश होईल. दप्तर उचलून जिना चढून वर घरात गेली.

बुधवार, १९ जून

ओळखपत्रं वाटली. वर्गातल्या मुलांनी विचारलं म्हणे, "ही फोटोतली तुझी बहीण का?" हसत हसत सांगत होती. उद्यापासून सकाळी पळायला जाणार आहे. जाऊ दे की! इतके दिवस माझा जीव गेला सांगून सांगून, तेव्हा अंथरूण सुटत नव्हतं बाईसाहेबांचं.

रविवार, ७ जुलै

वन्सं आल्या होत्या. दारातूनच, "अगंबाई! आपली गब्बू सुटसुटीत झाली की! छान दिसतेस हो." मग मला, "तू तर काय, वाऱ्यावरच जगतेस. हिलाही शिकव जरा." आम्ही दोघी खूप हसलो. खरंच आहे ते. कॉलेजातला निळा ड्रेस अजून होतो मला. वन्संना चार पावलं चालून धाप लागते.

गब्बू हसली नाही. माझ्या ताटलीकडे बघत होती.

सोमवार, २२ जुलै

संध्याकाळी ती आता मैत्रिणीकडेच जेवते. दोघींचा अभ्यास तिथेच चालतो. बरं झालं, एक स्वयंपाक वाचला. माझं एकटीचं काय, दोन बिस्किटांवरही भागतं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

त्याच मैत्रिणीची आई आज पासपोर्टचे फोटो काढायला आली. मी कौतुकाने म्हटलं, "रोज माझ्या पोरीला जेवू घालता, फार करता हो." तिला काही कळेचना. "आमच्याकडे? अहो, ती तर महिनाभर फिरकली नाही. भांडल्या का काय दोघी, मी तुम्हालाच विचारणार होते."

मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं. फोटो हलला. दुसरा काढावा लागला.

वर जाऊन विचारलं. "खाल्लं ना मी." कुठे? "खाल्लं म्हटलं ना, आई!" असा आवाज तिने कधी चढवला नव्हता. आणि दार लावून घेतलं. खाली गिऱ्हाईक ताटकळत होतं म्हणून मी आले. मी आलेच कशी? एक फोटो उद्या काढला असता तर काय बिघडलं असतं?

शनिवार, १० ऑगस्ट

आज माझ्यासमोर एक सफरचंद खाल्लं. इतके बारीक तुकडे केले की मोजत बसावेत. तरी खाल्लं! वयच असतं हे. होईल ठीक.

रविवार, २५ ऑगस्ट

यांचा फोन, बोटीवरून. "पोरीचा फोटो पाठव. पाच महिने झाले बघून."

खिडकीपाशी उभी केली. स्वेटर घालून आली, एवढ्या उकाड्यात! म्हणाली, थंडी वाजते. पटापट दोन काढले आणि खाली येऊन पडद्यावर मोठा केला.

देवा. रोज समोर वावरते आणि मला दिसली ती पडद्यावर. गालांच्या जागी नुसत्या सावल्या. डोळे चेहऱ्यात मावत नाहीत. कपाळाच्या बाजूला हाड वर आलंय. मी पडद्याच्या आणखी जवळ जात राहिले, मग भीती वाटून मागे आले.

यांना हा कसा पाठवू? समुद्रात इंजिनाशी खेळणारा माणूस, उगाच जिवाला घोर. येतीलच दोन महिन्यांत, तोवर मी सुधारते तिला. म्हणून जूनचा मूळ फोटो उघडला. तिथले गाल उचलले, इथे बसवले. रंग जुळवला. सावल्या पुसल्या. काम चोख झालं, हात बसलाय माझा.

लगेच उत्तर आलं – "वा! माझी गब्बू जशीच्या तशी!"

नळ सोडून रडले, वर आवाज जाऊ नये म्हणून.

बुधवार, ११ सप्टेंबर

शाळेतून फोन. मैदानात पडली.

दुकान तसंच उघडं टाकून पळाले. दवाखान्यातल्या नर्सने ओळखपत्र हातात घेतलं, पोरीकडे बघितलं, पुन्हा ओळखपत्राकडे. "हिचंच ना हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून चाललंय?" मी म्हटलं, "आत्ताच, आठवडाभर झाला असेल." कसं आलं तोंडातून! त्यांनी पोरीची नाडी पुन्हा मोजली. म्हणाल्या, ठोके फार मंद पडलेत. आज रात्रभर ठोके मोजणाऱ्या मशीनवर ठेवू, मग सांगते. आणि म्हणाल्या, हे आठवड्याचं नाही.

मग सगळं सांगितलं. जूनपासूनचं. गाल आत घेतले ते आणि गाल भरले तेही.

शनिवार, १४ सप्टेंबर

ठोके जरा सुधारले. नळीतून अन्न देतात. तिने मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाली, "मला गब्बू नका म्हणू." नाही म्हणणार. कुणालाच म्हणू देणार नाही.

यांना खरा फोटो पाठवला. लगेच फोन आला, मागे इंजिनाचा आवाज. म्हणाले, "तू तर रोज समोर होतीस ना गं?" चिडून नाही म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

अर्धी वाटी सूप. स्वतःच्या हाताने!

शुक्रवार, २० सप्टेंबर

उद्या घरी सोडणार. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून बजावलं. दिवसातून तीनदा ताट. घरातल्या कुणीतरी शेजारी बसायचं आणि तेच, तेवढंच खायचं. समजावणं नाही, भांडण नाही, नुसतं बरोबर जेवायचं. "वजन पुन्हा उतरलं तर परत आणा. पण तेव्हा तिचं हृदय साथ देईल की नाही, ते आज मी सांगू शकत नाही."

मी म्हटलं, एवढंच ना! दुकान महिनाभर बंद ठेवते. तीनदा काय, सहादा बसेन. इतक्या दिवसांनी काहीतरी करता येण्यासारखं हातात आलं, मला हुरूपच आला.

निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः दुपारी किती वाजता जेवता?" म्हटलं, माझं काय हो, कामातून जमेल तसं. "काल काय जेवलात?" काल धावपळ होती. "परवा?" आता आजारी कोण आहे, मी की माझी पोर? काहीतरी लिहून घेतलं त्यांनी. उगाच वेळ काढतात.

शनिवार, २१ सप्टेंबर

दोन ताटं वाढली. भात, भाजी, उकडलेलं अंडं, दही. दोन्हीकडे अगदी सारखं. समोरासमोर बसलो. तिचे हात मांडीवरच.

"चल, सुरू कर," मी म्हटलं.

"आधी तू. तू खाशील तेवढं मी खाईन, आई. शप्पथ."

मी घास घेतला. तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. भरलेलं ताट शेवटचं कधी संपवलं होतं, आठवायला लागले. आठवेना. एवढा भात बघून ताट जरा लांब सरकवलं. वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती, अजिबात आश्चर्य न वाटता.

पाऊण तास झाला. दोन्ही ताटं तशीच आहेत.