दोन मोज्यांचा पाय

४ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तुझ्या भावोजींची पाठ पुन्हा धरली आहे, पण तोंड चालू आहे, तेव्हा काळजी नको.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. हॉस्पिटलात नवा नियम आलाय. पुढच्या वर्षापासून प्रमाणपत्र नसेल त्याने पेशंटला हात लावायचा नाही. म्हणजे मी कृत्रिम पाय बनवायचे नाहीत, नुसत्या पट्ट्या कापायच्या आणि प्लास्टर कालवायचं. ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पगार तोच राहणार आहे गं, प्रश्न त्याचा नाही. माणूस कुबड्या घेऊन आत येतो आणि माझ्यासमोर उभा राहतो, तेच बघायचं नसेल तर मी तिथे जायचं तरी कशाला?

आता चांगली बातमी. हॉस्पिटल, तंत्रशिक्षणाचं कॉलेज आणि आमची कामगार संघटना, तिघांनी मिळून ठरवलंय की जे काम करता करता शिकले त्यांना पुन्हा बाकावर बसवायचं नाही. त्यांनी काम करून दाखवायचं. जमलं तर कॉलेज प्रमाणपत्र देणार, हॉस्पिटल ते मानणार, आणि तेवढ्या दिवसांची रजा संघटना मिळवून देणार. एरवी ही मंडळी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. काल आमच्या कार्यशाळेत एका टेबलाशी बसली होती, प्लास्टरची धूळ अंगावर घेत.

कॉलेजच्या बाईंनी मला विचारलं, तुमचं शिक्षण कुठे झालं. मी म्हटलं, कसलं शिक्षण, बहिणीचा पाय गेला तेव्हा तिला कडेवर घेऊन इथे आले आणि कार्यशाळेच्या वस्तादांनी हाकललं नाही म्हणून राहिले. तर त्या म्हणाल्या, त्यालाच शिक्षण म्हणायला आम्ही आलोय. भिंगरे, मला नवलच वाटलं. घरी येऊन तुझ्या भावोजींना सांगितलं, तर म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं मी शिकलेल्या बाईशी भांडत होतो की काय.

मुलांना पापे. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
ताई

---

११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी तुझ्या हॉस्पिटलचा राग आला आणि मग इतका आनंद झाला की शाळेच्या ग्रंथालयातच मोठ्याने हसले. मुलं चकित. मी त्यांना गप्प बसवते, मला कोण बसवणार?

तुला बाईंच्या बोलण्याचं नवल वाटलं, मला तुझंच वाटतं. मी लहान होते तरी मला पक्कं आठवतंय. वस्ताद माझ्या पायाला प्लास्टरची पट्टी गुंडाळत होते आणि मी किंचाळत होते. तू मला म्हणालीस, जिथे दुखतं तिथे तुझा तळवा ठेव. मग त्यावर तू तुझा तळवा ठेवलास आणि वस्तादांना सांगितलंस की इथे दाबू नका. ते थांबले. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला तू तेच करायला लावतेस. हे तुला कोणी शिकवलं होतं सांग बरं.

परीक्षेत घाबरू नकोस, आणि मुख्य म्हणजे कोणाला उलटून बोलू नकोस. तुझी जीभ मी ओळखून आहे.

इकडे सगळं छान. माझा पाय नेहमीसारखा खट् खट् वाजतोय. मी येतेय हे मुलांना तीन कपाटं आधीच कळतं आणि माझ्या हाती कोणी लागत नाही. यांनासुद्धा कळतं, म्हणून हे चोरून साखर खाताना कधी सापडत नाहीत, डबा नेहमी जागेवर.

भावोजींना नमस्कार. माया कमी करू नकोस, हट्टाने मागते.

तुझी,
भिंगरी

---

२ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. परीक्षा झाली. मी नापास झाले. तसं ते नापास म्हणत नाहीत, "अजून नाही" म्हणतात. मला दोन्ही सारखंच झोंबलं.

झालं ते सांगते. पेशंट म्हणून एक ड्रायव्हर दिला होता, गुडघ्याखाली पाय नाही. उरलेला पाय ज्यात बसतो तो कप मला एकटीने करायचा होता. प्लास्टर गुंडाळलं, तळव्यावर तळवा ठेवला, साचा ओतला, कानशीने घासला. सगळं मनासारखं. आणि ड्रायव्हर उभा राहिला तर पाय कपात खुळखुळला, तुझा वाजतो तसा खट् वाजला. दोन्ही बाजूंच्या आधाराच्या दांड्या धरल्या म्हणून, नाहीतर पडला असता. माझे डोळे पांढरे झाले.

मग उजेड पडला. आमच्याकडे पेशंट दोन जाड लोकरी मोजे चढवून कप घालतो. उरलेला पाय हळूहळू बारीक होतो, लोक लांबून येतात, पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, म्हणून वस्ताद कप सैल ठेवायचे आणि मोज्यांनी जागा भरायचे. आमच्या कार्यशाळेत हे हवेइतकं सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. मीही सांगितलं नाही. कॉलेजात एक पातळ मोजा घालतात. संघटनेचे अण्णा माझ्या बाजूने तावातावाने बोलायला लागले. बाई म्हणाल्या, पद्धत समजण्यासारखी आहे, पण पाय कायम हलत राहिला तर कातडी सोलते. खरं होतं ते. मी अण्णांना खाली बसवलं.

पण भिंगरे, त्यानंतर जे बघितलं त्यासाठी हे पत्र लिहितेय. बाईंनी माझ्याच साच्यावर, मोज्यांची जागा कमी करून, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचा कप काढला आणि ड्रायव्हरला घातला. आतला पाय दिसत होता! जिथे भार पडतो तिथली कातडी पांढरी, जिथे मोकळीक आहे तिथे गुलाबी. माझे तळवे आयुष्यभर जे चाचपडत होते ते डोळ्यांना दिसलं. ड्रायव्हर जिथे दुखतं म्हणाला होता तिथे गुलाबीच होतं, तेवढं मी बरोबर केलं होतं. मी खाली बसून बघत राहिले. ड्रायव्हर बिचारा अवघडला, पण मला उठवेना. वस्ताद असते तर त्यांना हात धरून आणलं असतं.

महिन्याभराने पुन्हा संधी आहे. तोवर बाई संध्याकाळी मला त्यांच्या कार्यशाळेत येऊ देणार आहेत. या वेळी पेशंट आपणच आणायचा. त्याच्या घरच्या सवयी ठाऊक असलेला बरा, म्हणतात. कोणाला नेऊ ते सुचत नाही. जमलं नाही तर मग प्लास्टर कालवणं आहेच.

आठवण ठेव, राग मानू नकोस.

तुझी,
ताई

---

८ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. कोणाला नेऊ म्हणे! मला पाय नाही हे विसरलीस की काय?

मी रजा टाकली आहे, मुलांना यांच्यावर सोपवलं आहे. तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. माझ्या पायावर प्रयोग नको, तुझं काही बिघडलं तर, वगैरे. ताई, मी दोन मोजे घालून आख्खं आयुष्य चालले. लग्नात चालले, बाळंतपणात चालले. पण संध्याकाळी मोजे काढते तेव्हा कातडी कशी झालेली असते हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण पाय तू केला होतास. आता सांगते. मला तो आरपारचा कप बघायचा आहे. आणि तू तो करताना बघायचं आहे.

भावोजींना सांग, तोंड गोड करायला साखर जपून ठेवा, मी येतेय.

भेटीअंतीच लोभ मोजू.

तुझी,
भिंगरी

---

२० मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. प्रमाणपत्र आल्याचं तुझं कार्ड माझ्या पाठोपाठच आलं. मी ते ग्रंथालयात सगळ्यांना दाखवलं, मुलांनासुद्धा. भावोजींनी ते भिंतीवर लावलं की नाही? लावलं नसेल तर मी पुन्हा येते.

नवा कप उत्तम आहे. एक पातळ मोजा. संध्याकाळी कातडी तशीच्या तशी असते. पहिल्या दिवशी मी पाच वेळा काढून बघितलं, विश्वासच बसेना. एक गंमत मात्र झाली. परवा मी स्वयंपाकघरात शिरले तर हे साखरेचा डबा घेऊन उभे. यांना काही ऐकूच आलं नाही. त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

खरं तर दुसरंच सांगायचं आहे. तिथे असताना तुझ्यासमोर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. परीक्षेत तुला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, म्हणजे बनवणाऱ्याचा चेहरा बघून पेशंटने उगाच बरं म्हणू नये. त्यामुळे तुला काही दिसलं नाही, ते मी बघितलं.

बाईंनी मला खूण केली. मी उठले. दांड्या धरल्या, मग सोडल्या. पाऊल टाकलं आणि मी त्या खट्-ची वाट बघितली, तो आवाज आलाच नाही. ताई, मी लहानपणापासून स्वतःला चालताना ऐकत आले आहे. त्या खोलीत मी पहिल्यांदा चालले आणि काहीच वाजलं नाही. मला वाटलं मी चालतच नाहीये. खाली बघितलं तर मी दांड्यांच्या बाहेर होते. अण्णांनी तोंडावर हात धरला होता. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर उभे राहिले होते. आणि तू भिंतीशी, पदर मुठीत आवळून, मान जराशी माझ्याकडे कलती करून. मला लगेच कळलं, तू कान लावून उभी आहेस.

मी आख्खी खोली ओलांडून तुझ्यामागे आले आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू मागे वळलीससुद्धा नाहीस. तुला वाटलं बाईच आहेत. तू म्हणालीस,

"जरा थांबा हं बाई. माझी बहीण अजून उठलेली नाही."

तुझी,
भिंगरी