सातवा रकाना

६ एप्रिल १९३७, वडगाव
आज टेपवाडी. पाय तुटले अगदी! साहेबांनी छापील तक्ता हातात दिलाय – बारा गावं फिरा, शाळा, रस्ता, औषधपाणी, विहीर, लोकांना काय मिळतं ते भरून आणा. काय मिळतं! शाळेला कुलूप, मास्तर महिन्यातून दोनदा उगवतो. कंपाउंडर वर्षात एकदा येऊन गेला, तो कधी ते कुणालाच आठवत नाही. हे दहावं गाव. लिहून लिहून वीट आला.

सातवा रकाना : गावात नारूचे रोगी किती? दत्तोबा पाटील ताडकन म्हणाले, एकही नाही. पण एप्रिलच्या उकाड्यात पारावर चौघे जण पायांवर घोंगडी घेऊन बसलेले!

विहीर पायऱ्यांची. बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरतात. विठाबाई म्हणून एक आहे, तिच्या दारात तांब्याभर पाणी घटाघटा प्यालो. आईला सांगायची सोय नाही. आधी आंघोळीला पाठवेल.

७ एप्रिल
कालचं निम्मं लिहायचं राहिलं. राहिलं कसलं – लिहवेना. विठाबाईनं दार लोटून घेऊन पाय दाखवला. घोट्याला भोक, त्यातून दोऱ्यासारखा जंतू बाहेर आलेला, काडीला गुंडाळलेला. रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडतो. गावात असे वीस-बावीस जण आहेत म्हणे.

मग पाटील खोटं का बोलले? तर तक्त्यात आकडा पडला की विहिरीवर लाल पाटी लागते. आणि पाटी लागलेल्या गावची मुलगी कोण करून घेणार? विठाबाईच्या कस्तुराचं लग्न वैशाखात आहे, पवन मावळात दिलीय.

"भाऊ, येवढं लगीन हुं द्या. मंग लिवा काय लिवायचं ते."

तक्ता सोमवारी द्यायचाय. दुरुस्तीला यंदा तीनच विहिरी घेणार. ज्या गावचा आकडा मोठा, त्याचा नंबर आधी.

११ एप्रिल
लोणावळ्याला जाऊन डॉक्टरांना विचारलं. नारू रोग्याच्या पायातून विहिरीत उतरतो, पिण्याच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो, बाहेर पडायला वर्ष घेतो. पायऱ्या बुजवा, रहाट बसवा, दोन वर्षांत गाव मोकळं. इतकं सोपं! येताना बघितलं, बंगल्यांच्या बागांत माळी नळानं गुलाबांना पाणी घालत होते. जीव जळला.

१२ एप्रिल
सातव्या रकान्यात शून्य घातलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

३ जून
तीन गावं ठरली. टेपवाडी नाही. साहेब म्हणाले, "तुमची टेपवाडी तर नमुनेदार दिसते, चिंतोपंत." मी मान डोलावली. थू माझ्यावर!

कस्तुराचं लग्न पार पडलं. विठाबाईनं टोपलीभर करवंदं पाठवली. बायकोनं, सुनेत्रानं, कौतुकानं पुढ्यात ठेवली. मी शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

२० मार्च १९३८
विठाबाई बाजारात भेटली. कस्तुराला सासरच्यांनी आणून सोडलं. दोन्ही पायांना नारू निघाला. फसवलंत म्हणाले. पोरगी खाली मान घालून बसते, जेवत नाही.

मी म्हटलं, उद्याच्या उद्या खरा आकडा कळवतो. तर तिनं हात जोडले. "न्हाई भाऊ. आता धाकटीचं जमतंय."

शून्य मीच घातलं होतं.

२२ मार्च
तरी साहेबांकडे गेलोच. आकडा चुकला म्हटलं. त्यांनी तक्ता काढून पुढ्यात टाकला. खाली पाटलांची सही, तिच्याखाली माझी. म्हणाले, "एक रोगी आणून दाखवा, मग बघू."

एक! बाविसांतला एक!

२७ मार्च
परत टेपवाडी. घरोघर फिरलो, हात जोडले. एकानंही धोतर वर केलं नाही. पाटील वेशीपर्यंत पोचवायला आले, लंगडत. विचारलं, तर म्हणाले, काटा मोडलाय.

संपलं. माझ्यानं होत नाही.

७ एप्रिल
डाव्या घोट्याला आग होतेय. चाललो फार, म्हणून असेल.

१० एप्रिल
फोड फुटला. आत पांढरा दोरा.

आमच्या विहिरीला रहाट आहे, आमच्या आळीत नारू कधी कुणाला झाला नाही. टेपवाडीचा तो एक तांब्या. वर्ष झालं बरोबर.

विठाबाई मला शिव्या घालील. घालू दे. सुनेत्राकडे वडिलांची काठी मागितलीय. उद्या कचेरी उघडली की साहेबांच्या टेबलावर हा पाय ठेवतो.