न विरघळणाऱ्या गोळ्या

ता. ४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र. तुमच्या कृपेने (हे आधी लिहिलं, नाहीतर तुम्ही पुढे वाचणार नाही) औषध कंपनीतली नोकरी सुरू झाली. पांढरा कोट मिळालाय, त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील. टोपी घातल्यावर मी आरशात थेट फ्लॉवरचा गड्डा दिसते.

आधी नुसती काचेची भांडी धुतली, आता गोळ्या तपासते. कोमट पाण्यात गोळी टाकायची, वर पातं हळू फिरत राहतं, आणि अर्ध्या तासाने औषध पाण्यात किती उतरलं ते मोजायचं. गोळी पोटात विरघळणार की नाही, ते असं कळतं.

आमच्या वरिष्ठ बाईंना सगळे पुन्हाबाई म्हणतात. गोळी नापास झाली की त्यांच्या मते माझा हात बसलेला नसतो, पुन्हा करायचं. पास झाली की हात लगेच बसतो! नापास आकडे कुठे लिहायचे, असं मी विचारलं, तर सगळी लॅब माझ्याकडे बघायला लागली. मामींना नमस्कार. लोभ आहे तेवढा टिकवा, वाढला तर माझी तक्रार नाही.

तुमची भाची

ता. १३ जून

चि. दीडशहाणीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या मालकाचा फोन आला. तू म्हणे ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा अख्खा माल अडवून बसली आहेस, अहवालावर सही करत नाहीस. अगं, तो माझा शाळासोबती. माझ्या शब्दावर त्याने तुला घेतलं आणि तू तिथे अक्कल पाजळत्येस? पदवीची शाई वाळू दे आधी.

त्याच गोळ्या मी वर्षभर घेतोय. मैत्रीखातर तो खोकेच्या खोके पाठवतो. मला काय झालंय? प्रेशर उतरत नाही, ते तुझ्या मामीच्या तोंडामुळे. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस वाढवला, मामीचा कमी करायचं त्यांना सुचत नाही.

रविवारी मी त्याच्याकडे जेवायला जातोय, तेव्हा तुझ्या वतीने माफी मागेन. तोवर गुपचूप सही करून टाक. मला तोंडघशी पाडू नकोस. रागावलोय, पण जीव तुझ्यावरच आहे.

मामा

ता. १६ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सही करणार नाही. काय घडलं ते तरी ऐका. जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारख्या त्या गोळ्या तळाशी बसून राहिल्या. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग पुन्हाबाई स्वतः आल्या आणि त्यांनी पात्याचा वेगच वाढवला. गोळ्या फुटल्या, पास झाल्या! माणसाच्या पोटात असा पंखा कोण बसवणार, असं मी विचारलं. त्यावर थेट मालकांकडे रवानगी झाली. महिनाअखेरपर्यंत सही केली तर नोकरी पक्की, नाही तर कोट परत, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

तुम्ही याच गोळ्या घेता हे मला ठाऊकच नव्हतं. तुमचं पत्र वाचलं आणि तशीच हे लिहायला बसले. मनाने औषध बंद करू नका, पण आजच डॉक्टरांकडे जा आणि दुसऱ्या कंपनीचं लिहून घ्या. मामींना उगाच बोल लावू नका. माफी मागायचीच असेल तर तुमच्या वतीने मागा, माझ्या वतीने नको. मला भीती वाटत्येय मामा. रागवा हवं तेवढं, पण पत्र लवकर पाठवा.

भाची

ता. २२ जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी तडकलो, ते खिशात कोंबलं आणि जेवायला गेलो. माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो. मालकाने आग्रह करकरून वाढलं, शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या, मीही खो खो हसलो. जेवण आटोपल्यावर त्याने सुनेकडे आपली प्रेशरची गोळी मागितली. त्यालाही प्रेशर आहे हे मला तेव्हा कळलं. औषध आमचं दोघांचं एकच निघालं, पण पाकीट परक्या कंपनीचं होतं.

मी विचारलं, घरचा कारखाना असताना हे कशाला? तो म्हणाला, डॉक्टर ऐकत नाही, आणि लगेच पानसुपारीचं बघायला लागला. मग मी माझ्या खिशातली त्याचीच गोळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. म्हटलं, तुझी राहू दे, आजच्या दिवस ही घे, माझ्यादेखत. सून पाण्याचा पेला धरून उभी होती. तो हसला, मैत्रीत असली थट्टा बरी नव्हे म्हणाला, पण हात काही पुढे केला नाही गं त्याने.

भाषण तसंच घरी आणलं. डॉक्टरांनी औषध बदललंय. मामी रडली, आणि लिहायला लाज वाटते, मीही रडलो. वर्षभर त्याचं कौतुक सांगत फिरलो मी, गल्लीत दोघांना त्या गोळ्या दिल्यासुद्धा. आता त्यांच्या दारी जायचंय.

सही करू नकोस. कोट परत द्यायला जाशील तेव्हा मी बरोबर येईन. या म्हाताऱ्यावर होता तेवढाच लोभ ठेव.

तुझा मामा